बाबांचं शुद्धिपत्र

१० सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

येऊन तीन आठवडे झाले आणि पत्र आज लिहिते आहे, हे तुम्ही पहिल्याच ओळीत पकडणार, म्हणून आधीच कान पकडते. फोन करून पाहिला होता. ऐकू येत नाही, एवढंच तुम्ही ओरडलात आणि ठेवून दिलात. तेव्हा पत्रच बरं. पत्र तुम्हाला नीट ऐकू येतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि तिथल्या म्हातारबुवांना माझी. विद्यापीठ चालत बारा मिनिटं. पीएच.डी. झाली म्हणून इथे मला कुणी मोठी समजत नाही. डॉक्टर म्हणतात आणि कॉफीचं भांडं मलाच विसळायला लावतात. दोन वर्षांची नेमणूक आहे. त्यात काही निष्पन्न झालं तर पुढचं बघायचं, नाही तर गाशा गुंडाळायचा.

काम काय असतं ते तुम्ही निघताना विचारलं होतंत. माझ्या वरच्या प्राध्यापक, ज्यांना आम्ही पाठीमागे मोठ्या बाई म्हणतो, त्या आठवणींवर प्रयोग करतात. एखाद्या माणसाच्या घरच्यांकडून त्याच्या लहानपणचे तीन खरे प्रसंग मागवायचे. त्यात चौथा आपल्या पदरचा घालायचा. उदाहरणार्थ, पाच वर्षांचे असताना तुम्ही कापडाच्या दुकानात पुतळ्याचा हात धरून त्यालाच आई समजून उभे राहिलात. घरच्यांकडून लेखी घ्यायचं की असं काही घडलेलं नाही. मग त्या माणसाला आठवड्याच्या अंतराने तीनदा बोलावून चारही प्रसंगांबद्दल विचारायचं. पहिल्या खेपेला तो चौथ्याला नाही म्हणतो. तिसऱ्या खेपेपर्यंत दहांतले तीन जण पुतळ्याच्या कोटाचा रंग सांगू लागतात. शेवटी आम्ही खरं काय ते सांगतो, त्याला इथे उलगडा म्हणतात. लोक हसतात, चहा पितात आणि घरी जातात.

हे सगळं तळघरातल्या एका खोलीत चालतं. तिथे खिडकी नाही आणि भिंतीवरचं घड्याळही मुद्दाम काढून टाकलं आहे. दोन खुर्च्या काटकोनात ठेवायच्या, कारण समोरासमोर बसलं की माणसाला चौकशी चालल्यासारखं वाटतं. खुर्च्या लावायचं काम माझं. मला ते छान जमतं असं बाई म्हणाल्या.

जेवत जा. हृदयाच्या गोळ्या चुकवू नका, वहिनी देईल तेव्हा निमूट घ्या. या पत्रावर लाल शाई किती सांडली तेही कळवा.

तुमच्या मायेची आणि तुमच्या लाल शाईची सवय झालेली,
मुंगी

२९ सप्टेंबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र अठरा दिवसांनी मिळालं. तीनदा वाचलं. चार चुका निघाल्या, त्यांतल्या दोन तू घाईत केलेल्या आणि दोन जन्मापासूनच्या. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, तीनदा वाचल्याशिवाय एका पानावर सही केली नाही. आता तपासायला तुझी पत्रंच उरली आहेत, तेव्हा जरा मोठी लिहीत जा.

तुझा प्रयोग वाचून हसू आलं, मग आलं नाही. लोकांच्या डोक्यात न घडलेलं घालता येतं म्हणतेस. घडलेलं काढता येतं का ते बाईंना विचार.

सव्वातीन वाजले की मला घरात बसवत नाही. बूट घालतो आणि निघतो. तुला ठाऊक आहे, पण लिहून टाकलं की हलकं वाटतं. दवाखान्यातल्या चार नंबरच्या खोलीत तुझ्या आईने चष्मा मागितला. तो घरी राहिला होता. मी आणायला आलो, तर त्याच्या दांडीचा स्क्रू सैल. म्हटलं, नीट करूनच न्यावा, उगाच तिच्या नाकावरून घसरेल. चष्मेवाल्याकडे माझ्यापुढे तिघे होते. मी रांगेत उभा राहिलो, मुंगे. शहाण्यासारखा रांगेत उभा राहिलो. साडेचारला खोलीत पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. स्टुलावर अर्धा ग्लास पाणी आणि बशीत गोळीचा तुकडा तसाच होता. दादा म्हणाला पावणेचारला गेली. म्हणजे तिच्या त्या वेळेला मी एका स्क्रूची वाट पाहत होतो.

चष्मा अजून माझ्या खिशात असतो. दांडी अगदी घट्ट बसली आहे.

सूनबाई सकाळी बाटलीच्या झाकणात गोळ्या घालून आणते आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाही. पोलिसात जायची ती. बाकी सर्व ठीक.

तुझ्यावर जीव असलेला आणि तुझ्या चुकांवर त्याहून जास्त,
बाबा

१७ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

फोनवर हे बोलायची सोय नाही. बाबांना ऐकू येत नसलं तरी ते ओठ वाचतात आणि सारखे समोर बसलेले असतात. म्हणून कचेरीतून लिहितो आहे.

बाबांचं वजन सहा महिन्यांत नऊ किलो उतरलं. दुपारचं जेवण जवळजवळ बंद. सव्वातीनला बूट घालून निघतात. चष्मेवाल्याच्या दुकानासमोर उभे राहतात, मग दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत येतात. परवा भर चौकात मध्येच थांबले. गाड्या दोन्ही बाजूंनी खोळंबल्या होत्या. भाजीवाल्याने ओळखलं आणि हाताला धरून घरी आणलं. हृदयाचे डॉक्टर म्हणतात की औषध चालू आहे तोवर हृदय टिकेल, पण माणसालाच टिकायचं नसेल तर त्याची गोळी त्यांच्याकडे नाही.

तू या विषयातली आहेस. काही उपाय असेल तर सांग. नसला तरी पत्र लिही, तुझं पत्र आलं की दोन दिवस त्यांना काम मिळतं.

तुझी वहिनी विचारते की तिकडे जेवणाचे हाल आहेत का. मी सांगितलं, मुंगीचे हाल कुठेच होत नाहीत, साखर सापडतेच.

आठवण ठेव, आम्ही ठेवून आहोतच.
दादा

४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. ती बाईंना कळली तर माझी नेमणूक त्याच दिवशी जाईल, म्हणून वाचून फाडून टाक.

बाबांना तो तास परत द्यायचा. ते वेळेवर पोचले होते, असं त्यांना आठवलं तर?

आधी पुरतं वाच, मग चीड. मी गेले दोन महिने रोज हेच करते आहे आणि माझ्या खुर्चीवर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते आठवतं. बाकीच्यांपेक्षा माझं प्रमाण जास्त आहे. युक्ती अशी की खोटा भाग अगदी लहान ठेवायचा आणि त्याच्या आजूबाजूला सगळं खरं ठेवायचं. चष्मा खरा, स्क्रू खरा, चार नंबरची खोली खरी, ते स्टूल खरं. फक्त रांग नव्हती, आणि बाबा तीनलाच पोचले. त्यांनी चष्मा आईच्या डोळ्यांवर ठेवला, तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. एवढंच. बाकीची जागा रिकामी ठेवायची. ती माणूस आपली आपण भरतो आणि जे स्वतः भरलं त्यावर त्याचा पक्का विश्वास बसतो.

मी तेव्हा माझ्या तोंडी परीक्षेत अडकले होते, तिथे नव्हते. म्हणून पहिल्या पत्रात लिहीन की तूच मला सांगितलं होतंस. ते तुला विचारतील. तू सहज हो म्हण आणि विषय बदल. मग माझं दुसरं पत्र, मग तिसरं. तीनच खेपा, जास्त नाही.

आमच्याकडे नियम आहेत. जवळच्या माणसावर प्रयोग नाही, दुःखातल्या माणसावर नाही, मरणाचा प्रसंग तर नाहीच, आणि शेवटी उलगडा केल्याशिवाय कुणाला घरी पाठवायचं नाही. मी सगळेच मोडते आहे. पण इथे उलगडा करून कुणाचं भलं होणार आहे?

एकच अडचण. त्या तासाला वहिनी तिथे होती. बाबांना आत आणायचं तर तिला बाहेर काढावं लागेल. तिला विचार. तिने नाही म्हटलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

रागावलास तरी माझाच दादा राहशील, या भरवशावर,
मुंगी

२२ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे. यांनी तुझं पत्र मला दाखवलं आणि मग फाडलं.

त्या दिवशी काय झालं ते कुणी मला नीट विचारलंच नव्हतं, म्हणून एकदा लिहिते. हे बाहेर डॉक्टरांना शोधत होते. आईंनी दोनदा चष्मा मागितला. तीनची गोळी द्यायला परिचारिकेने मला सांगितलं. गोळी मोठी होती म्हणून मी तिचे दोन तुकडे केले. एक त्यांनी घेतला, दुसऱ्याला कडू म्हणून तोंड फिरवलं. मी आग्रह केला नाही. मग त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं की पाऊस पडतोय का. पडत नव्हता. मी पडतोय म्हणून सांगितलं, कारण त्यांना पाऊस आवडायचा. त्यानंतर बोलल्या नाहीत. हात मात्र सोडला नाही.

तो तास माझ्याकडे राहून तरी काय करू? बाबांना त्याने चार घास जाणार असतील तर त्यांना देऊन टाक. मी बाहेर गेले होते असं लिही. फक्त तू विसरू नकोस, म्हणजे कुणाला तरी ठाऊक राहील.

तिकडे थंडी असेल, सोबत पायमोजे पाठवते आहे, दोन घालत जा.

तुझी,
वहिनी

१० डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चार चुका काढल्यात, आता या पत्रात पाच सापडल्या तरच बक्षीस. एक मी मुद्दाम केली आहे.

इकडे दिवस चारलाच मावळतो. मी तळघरातून वर येते तोवर अंधार, म्हणजे मी उजेड फक्त शनिवारी पाहते. बाई खूश आहेत. म्हणतात, लोक माझ्याशी बोलताना दार उघडं टाकतात.

आज कपाट आवरताना माझा जुना चष्मा सापडला आणि आईची आठवण आली. बाबा, तुम्ही त्या दुपारी चष्मा घेऊन धापा टाकत चार नंबरच्या खोलीत शिरलात, तेव्हा खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता, असं दादा म्हणाला होता. तीन वाजले असतील. वहिनी काहीतरी आणायला बाहेर गेली होती. तुम्ही दांडी सरळ करून चष्मा आईच्या डोळ्यांवर ठेवलात आणि तिने तुमच्याकडे पाहिलं. मी नव्हते याचं वाईट वाटतं, पण तुम्ही होतात म्हणून बरं वाटतं. ती तेव्हा काही बोलली का? तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आत्ता नाही आठवलं तरी हरकत नाही. कधी शांत बसला असाल तेव्हा आठवून बघा.

पायमोजे मिळाले. वहिनीला सांगा की दोन घालते.

तुम्ही रागावलात तरी लाडकीच असलेली,
मुंगी

३० डिसेंबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पाच नाही, सहा चुका. पाच शाईच्या, त्यांना मी खुणा केल्या आहेत. सहावी मोठी आहे. मी त्या दुपारी वेळेवर पोचलो नव्हतो. तुला मी स्वतः लिहिलं होतं. तू कुठल्या तंद्रीत असतेस?

तरी पुरावा तपासावा म्हणून दादाला विचारलं. तो म्हणाला, हो, तुम्ही होतात की, आणि मांजराला दूध घालायला उठून गेला. मला चमत्कारिक वाटलं. त्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणी बरणी फोडली की स्वतःच तुकडे घेऊन समोर यायचा.

पडदा मात्र खरंच अर्धा ओढलेला होता. हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. आणि धाप. जिना चढताना धाप लागली होती ती मला आठवते. वेळ टळून गेलेली असती तर मी एवढा धावत कशाला गेलो असतो? आज दुपारी बूट घातले आणि दारातच बसून राहिलो, याचा विचार करत.

दुसऱ्यांदा वाचल्यावर कधीकधी चूक वाचणाऱ्याची निघते. बघू.

तुझ्या मोठ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावलेला,
बाबा

२० जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. सोबत त्यांना दुसरं पत्र टाकते आहे आणि तिसरं आठवड्याने टाकीन. ते बूट घालून दारात बसले, गेले नाहीत. वाचून मी जिन्यात रडले. सफाईवाल्या बाईंनी मला खुर्ची आणून दिली.

पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी. आमच्याकडे एक सतरा नंबर आहे. नाव नसतं, नंबरच असतो. ग्रंथालयात काम करणारी चाळिशीची बाई. तिला तो दुकानातल्या पुतळ्याचा प्रसंग दिला होता. तिसऱ्या खेपेला तिने कोट सांगितला, बटणं सांगितली, आणि सांगितलं की आई काचेबाहेर उभी राहून हसत होती, आत मुद्दाम आली नाही. ही काचेबाहेरची आई आम्ही कुठेच लिहिली नव्हती. मी उलगडा केला, घरच्यांचं लेखी दाखवलं. तिने तो कागद घडी घालून मला परत दिला. मग शांतपणे म्हणाली की तिच्या आईने माझ्याकडून हे वदवून घेतलं आहे. आता ती आईशी बोलत नाही. तिची आई रोज विभागात येऊन बाकावर बसते आणि मी गेले की उठून उभी राहते.

बाई म्हणतात, हजारात एखादं असं होतं. बाबांचं तसं होणार नाही, त्यांच्या आठवणीत वाईट कुणीच नाही. तरी ते काही नवीन बोलले तर मला ताबडतोब कळव.

तुझी,
मुंगी

१२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझ्या चुका आज राहू देत. मला आठवलं.

कसा विसरलो होतो कुणास ठाऊक. चष्मेवाल्याकडे रांग होती ती आदल्या आठवड्यातली, माझ्या स्वतःच्या चष्म्यासाठी. दोन दिवसांची जुळणी एका पानावर झाली होती. छापखान्यात असं शंभरदा पाहिलं आहे. मी तीनला पोचलो. तिच्या डोळ्यांवर चष्मा ठेवला तेव्हा काचेवर माझ्या बोटाचा डाग होता, तो मी सदऱ्याच्या टोकाने पुसला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आलात. एवढा एक शब्द मी दोन वर्षं हरवून बसलो होतो.

माझ्या वहीत मी शुद्धिपत्र जोडलं आहे. त्यात लिहिलं: उशीर झाला, याऐवजी वेळेवर पोचलो, असे वाचावे. खाली सही केली. तीनदा वाचून केली.

भाकरी दोन्ही वेळा जाते. सव्वातीनला आता मी कुठे जात नाही, खुर्चीत बसतो आणि ते पुन्हा पाहतो. रोज थोडं थोडं जास्त दिसतं. काल दार दिसलं. तू लिहिलंस तशी सूनबाई बाहेर गेली होती, ती परत आली. हातात ग्लास आणि बशी. तुझ्या आईने तोंड फिरवलं, मुंगे. नको म्हणत होती. मी तिचा हात धरला होता आणि तिने तो दाबला, मला काहीतरी सांगायचं असल्यासारखा. काय ते अजून दिसत नाही. घाई करत नाही, तू म्हणतेस तसं शांत बसून आठवतो.

सूनबाई काय आणायला बाहेर गेली होती, ते तुला दादा काही म्हणाला होता का?

तुझा सुखी,
बाबा

८ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

ताबडतोब कळव म्हणाली होतीस. कळवतो.

रविवारी जेवताना बाबांनी तुझ्या वहिनीला विचारलं की त्या दिवशी बशीत काय होतं. तिने सांगितलं, तीनची गोळी. मग त्यांनी विचारलं की ती फोडलेली का होती. ती काही बोलेना, कारण काय बोलायचं? ती तर खोलीतच नव्हती, असं आपणच ठरवलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी ताटाकडे पाहिलं. मुंगे, मी ताटाकडे पाहिलं. बाबा उठून गेले. त्यांचे डोळे ओठ वाचायला सरावलेले आहेत, गप्प बसलेलं तोंडही त्यांनी वाचलं.

आता ते तिच्या हातचं काही घेत नाहीत. स्वतः बटाटे उकडतात. आईने त्यांना शेवटी सांगितलं होतं म्हणे की हिच्या हातचं घेऊ नका. हे त्यांना गेल्या आठवड्यात आठवलं. गोळ्यांची बाटली त्यांनी आपल्या कपाटात नेली आहे आणि रोज आपल्या हाताने घेतो म्हणतात. त्यावर मी वाद घातला नाही, घेताहेत एवढं पुरे.

तुझी वहिनी कालपासून तिच्या बहिणीकडे आहे. जाताना रागावली नाही. मला म्हणाली की तिने तो तास बाबांना दिला होता, त्यांनी तो उघडून त्यात तिलाच कोंडलं. ती असं बोलणारी नाही.

मी एकदा सांगून पाहिलं की ते सगळं आपण रचलेलं आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की बायकोसाठी माणूस काय काय करतो ते त्यांना समजतं. तूच आता काय तो उलगडा कर. तुझंच ते ऐकतात.

दादा

२७ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही तीनदा वाचा, शंभरदा वाचा, पण माना.

ती आठवण खोटी आहे. मी केलेली आहे. आमच्या तळघरात परक्या माणसांवर जे करते तेच मी पत्रांतून तुमच्यावर केलं. तीन पत्रं, तीन खेपा. पडदा मी अंदाजाने लिहिला होता, बहुतेक दवाखान्यांत दुपारी तो अर्धा ओढलेला असतो. तुम्ही वाळत चालला होतात आणि मला बघवत नव्हतं, हे कारण आहे, सबब नाही. दादाला मीच हो म्हणायला सांगितलं.

तुम्ही साडेचारला पोचलात. तुमचा त्यात दोष नव्हता, तिचा चष्मा घसरू नये म्हणून थांबला होतात. आई शेवटी वहिनीजवळ होती. गोळी मोठी होती म्हणून वहिनीने फोडली. आईने तिला पाऊस पडतोय का विचारलं आणि तिचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. तिने हे सगळं तुमच्यासाठी पुसून घेतलं. हिच्या हातचं घेऊ नका, असं आई कधीच म्हणाली नाही.

मी पंधरा मेला येते आहे, त्याआधी रजा मिळत नाही. समोर बसून सगळं सांगेन. बाईंनाही सांगितलं आहे, पुढचं काय ते होईल. तोवर वहिनीला परत आणा. तुमच्या पाया पडते. आणि मला चुकीची शिक्षा म्हणून दोन ओळींचंच का होईना, पत्र लिहा.

तुमची, तुम्ही ठेवाल तशी,
मुंगी

१५ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल मिळालं. तू म्हणालीस तसं तीनदा वाचलं. घाबरू नकोस, मी रागावलेलो नाही. पत्र तपासून सोबत परत पाठवतो आहे. जिथे जिथे खोटी लिहिलंस तिथे लाल शाईने खरी केलं आहे आणि साडेचार खोडून तीन. पावसाची जागा कोरी सोडली. तो कुठून आला ते मला सापडलं नाही.

मुंगे, तू तिथे नव्हतीस. मी होतो. तुझ्या आईच्या चष्म्यावरचा बोटाचा डाग तू लिहिला होतास का? ती आलात म्हणाली, हे तू लिहिलं होतंस? तिन्ही पत्रं पुन्हा काढून पाहिली, त्यांत नाही. म्हणजे ते माझंच. तू फक्त पडदा सरकवलास, त्याबद्दल हा म्हातारा मरेपर्यंत तुझा ऋणी आहे. तुझ्याकडून असं पत्र कुणी लिहून घेतलं तेही मला कळतं. दादा बिचारा दोन्हीकडून चेपला जातो. सूनबाईवर माझा दावा नाही. तिने तिच्या बहिणीकडे सुखाने राहावं.

आता एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी, दादाला कळवू नकोस. आईने एवढं जिवावर उदार होऊन सांगितलं ते वाया कसं घालवू? ती बाटली सूनबाईनेच आणलेली. मी पाच आठवडे त्यातली एकही गोळी घेतलेली नाही. रोज एक एक काढून आईच्या चष्म्याच्या डबीत टाकतो, म्हणजे दादाने बाटली पाहिली तर मोजणी बरोबर लागते. डबी भरत आली. पहिले काही दिवस फार हलकं वाटलं. आता पावलं जरा सुजतात आणि जिना चढताना दोनदा बसावं लागतं. त्या दिवशीची धाप आहे तशीच ही. मला तर ती ओळखीची वाटते.

मेमध्ये ये. पण पंधरालाच ये, उगाच बाईंशी भांडून आधी निघू नकोस. हे पत्र पोचायला अठरा दिवस लागतील, त्यानंतर बारा दिवसांत तू इथे. मी खुर्चीत बसून वाट पाहतो. आपल्या घरात आता कुणाला उशीर होत नाही.

तुझ्या चुका संपू नयेत अशी इच्छा असलेला,
बाबा